मागच्या स्पॉयलरचा खरंच उपयोग असतो का? अकरा महिन्यांचा अनुभव, त्यातले सात आठवडे स्पॉयलरशिवाय

हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं पण अर्धवट अनुभवावर लिहायचं नव्हतं म्हणून थांबलो. आत्ताची गाडी हॅचबॅक आहे, टपाच्या शेवटी कंपनीतूनच छोटा स्पॉयलर (हवेची वाट मोडणारी, बाहेर आलेली कड) लागून आलेली, घेऊन अकरा महिने झाले. त्याआधी सहा वर्षं सेडान होती आणि तिच्या डिकीवर मी हौसेने बाहेरून उंच पायांचा स्पॉयलर लावून घेतला होता. म्हणजे दोन्ही प्रकार वापरून झालेत. त्यात यावर्षी असं झालं की तळघरातल्या पार्किंगमध्ये डिकी उघडली आणि वरची तुळई लक्षातच आली नाही, स्पॉयलरची कड तिच्यावर आदळून मधोमध तडा गेला. नवा पार्ट यायला सात आठवडे लागले, तोवर गाडी बोडकीच चालवली, बोल्टच्या भोकांमधून पाणी आत जाऊ नये म्हणून वरून टेप मारून. पण त्यामुळे स्पॉयलर असताना, नसताना आणि परत लावल्यावर अशी एकाच गाडीवर तुलना करता आली, जी सहसा कोणाला करता येत नाही.

काढल्यावर पहिल्यांदा जे जाणवलं त्याचा हवेशी काही संबंधच नाही. माझ्या गाडीत तिसरा ब्रेक लाईट स्पॉयलरच्या आत बसवलाय, मागच्या काचेवर पाणी मारणारा वॉशरचा नोझल पण तिथेच. स्पॉयलर गेला तसे दोन्ही गेले. वर मध्यभागी असलेला ब्रेक लाईट फक्त तुमच्या लगेच मागच्याला नाही, त्याच्याही मागच्याला काचांमधून दिसतो, म्हणून तर अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून कारला तो सक्तीचा केला. ते सात आठवडे मी ब्रेक लावताना आरशात बघायचो की मागचा कळून हळू होतोय का, आणि अंतर जास्त ठेवून चालवायचो. तेव्हा कोणी म्हणालं की स्पॉयलर म्हणजे निव्वळ शोभा तर आधी त्यात काय काय बसवलंय ते बघा.

आता ग्रिप. सगळ्यात जास्त दावे याच्यावरच होतात, "गाडी रस्त्याला चिकटून चालते" वगैरे. मी ६० ला, ८० ला, १०० ला, वळणावर, बाजूने मोठा ट्रक जाताना, आडव्या वाऱ्यात, सगळीकडे मुद्दाम लक्ष देऊन बघितलं, स्पॉयलर असताना आणि नसताना मला स्टीअरिंगमध्ये किंवा मागच्या चाकांत काडीचाही फरक कळला नाही. आणि कळणार पण नाही, कारण हिशोब करून बघा. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट तर जोर चौपट. समजा स्पॉयलरने गाडीच्या लिफ्टच्या (हवा गाडीला वर उचलते त्या जोराच्या) आकड्यात ०.१ ची घट केली, रोजच्या गाडीच्या छोट्या कडेसाठी हे मी उदारपणेच धरतोय, आणि गाडीचं समोरून दिसणारं क्षेत्रफळ २ चौरस मीटर, तर १०० च्या वेगाला फरक येतो साधारण ९ ते १० किलोचा. म्हणजे १३ लिटर पेट्रोलचं वजन. टाकी भरलेली आहे की अर्धी यानेच त्यापेक्षा जास्त फरक पडतो! ५० च्या वेगाला तर अडीच किलोही नाही. २०० ला गेलात तर ३८ किलोच्या आसपास, तिथे मग ती गोष्ट खरी व्हायला लागते.

आणि तिथे ती खरोखर खरी आहे, हे पण तितक्याच ठामपणे सांगायला हवं, कारण काही लोक दुसऱ्या टोकाला जाऊन स्पॉयलर म्हणजे थोतांड म्हणतात. पोर्शाने १९७२ मध्ये ९११ कॅरेरा आरएस २.७ ही स्पोर्ट्स कार आणली तिच्या मागे बदकाच्या शेपटीसारखी उचललेली कड होती, ती मागची बाजू जास्त वेगात हलकी होऊ नये म्हणूनच होती. ऑडीची पहिली टीटी १९९८ मध्ये मागे स्पॉयलर नसताना बाजारात आली, गोल गुळगुळीत, दिसायला फार सुंदर, पण खूप वेगात लेन बदलताना आणि वळणावर अपघात व्हायला लागले, मग कंपनीने गाड्या परत बोलावून मागे छोटा स्पॉयलर लावला. पण सोबत सस्पेन्शन बदललं आणि ईएसपी (घसरायला लागलेली गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) पण दिलं, एकट्या स्पॉयलरवर सोडलं नाही, हे सांगायचं सगळे विसरतात. १९८९ च्या ९११ मध्ये तर स्पॉयलर आपोआप वर यायचा तोच मुळी ८० च्या वेगाला, शहरात दडूनच बसायचा. म्हणजे बनवणाऱ्यांनाच माहीत होतं की त्याचं काम कुठे सुरू होतं.

मग माझ्या हॅचबॅकवर तो का आहे? याचं उत्तर मला लोकरीच्या धाग्यांनी दिलं. बोटभर लांबीचे धागे कापले आणि टपाच्या मागच्या भागावर, मागच्या काचेवर चिकटपट्टीने ओळीत लावले, मोकळ्या सरळ रस्त्यावर मित्राने गाडी चालवली आणि मी दुसऱ्या गाडीत बसून बाजूच्या लेनमधून, थोडं मागे राहून व्हिडिओ काढला, ६० ला आणि ९० ला. आधी स्पॉयलर नसताना, मग नवा बसवल्यावर परत तेच (गाडी मित्राला चालवायला द्या, एकट्याने आरशात बघत हे करायला जाऊ नका). स्पॉयलर नसताना टपावरचे धागे शेवटच्या वितभर जागेत वळवळायला लागायचे, टप तिथे गोलाईने खाली वळतो ना, हवा त्या गोलाईला धरून खाली उतरायचा प्रयत्न करते, मध्येच सुटते, परत चिकटते, कुठे सुटायचं हे तिचं तिलाच ठरवता येत नाही असं दिसत होतं. स्पॉयलर लावल्यावर त्याच्यावरचे धागे अगदी शेवटच्या कडेपर्यंत सरळ, ताणून बसवल्यासारखे. कडेला हवा एकदम सुटते, स्वच्छ.

माझ्या मते रोजच्या गाडीवरच्या स्पॉयलरचा मुद्दा हा इतकाच आहे. तो गाडीला दाबत नाही, हवेने गाडी कुठे सोडायची ती जागा ठरवतो. हवा गोलाईवरून खाली ओढली गेली की तिथे दाब कमी होतो, गाडी थोडी मागे आणि थोडी वर ओढली जाते, धारदार कड असली की हे कमी होतं. मागच्या उताराचा कोन किती महत्त्वाचा असतो ते १९८४ मध्ये अहमद नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी साध्या ठोकळ्यासारख्या मॉडेलवर मोजून दाखवलंय, ३० अंशाच्या आसपास ड्रॅग (गाडीला मागे ओढणारा हवेचा जोर) अचानक टोकाला जातो आणि त्याच्या थोडं पुढे गेलं की धाडकन खाली येतो. म्हणून तिरप्या काचेच्या गाडीला वरची कड देताना डिझायनर नुसती शोभा बघत नसतो, मिलिमीटरमध्ये भांडत असतो.

काचेवरचे धागे मात्र दोन्ही वेळेला वेडेवाकडेच, आणि काही तर चक्क वरच्या दिशेने उभे! हे बघून मला इतका आनंद झाला ना, कारण मागची काच एवढी घाण का होते ते तिथल्या तिथे समजलं. गाडीच्या मागे हवेचा मोठा भोवरा तयार होतो, चाकांनी उडवलेली धूळ आणि पाणी त्यात ओढलं जातं आणि खालून वर काचेवर येऊन बसतं. स्पॉयलर असो नसो, पावसात ओल्या रस्त्यावर अर्धा तास गेलं की काच सारखीच मळायची. "स्पॉयलर असला की काच स्वच्छ राहते" हे माझ्या गाडीपुरतं साफ खोटं निघालं. ह्युंदाईची आयोनिक ५ आठवा, मागे चांगला मोठा फटी असलेला स्पॉयलर होता पण २०२१ मध्ये ती मागच्या वायपरशिवाय आली, लोकांनी तक्रारी केल्या आणि नंतरच्या सुधारित गाडीत वायपर द्यावाच लागला. जुन्या अमेरिकन स्टेशन वॅगनवर काच साफ ठेवायला टपाच्या शेवटी एक पट्टी असायची, पण ती हवा मुद्दाम खाली काचेवर वळवायची, म्हणजे आपल्या स्पॉयलरच्या बरोबर उलटं काम. एक छोटा फायदा मात्र आहे, गाडी उभी असताना किंवा हळू चालताना टपावरचं पाणी थेट काचेवर न येता कडेवरून थेंब थेंब पडतं.

मायलेज? टाकी ते टाकी नोंद ठेवली होती पण त्यावरून काही सांगणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. त्या सात आठवड्यांत एसी वेगळा, ट्रॅफिक वेगळं, सामान वेगळं, त्या गोंधळात छोट्या कडेचा फरक असला तरी बुडून जातो. टायरमधली हवा कमी झालेली मात्र अॅव्हरेजमध्ये लगेच दिसली, ती आधी बघा.

आता सेडानवरचा तो उंच स्पॉयलर, त्याचं मला अजून वाईट वाटतं. सेडानमध्ये हवा काचेवरून उतरून डिकीपर्यंत येते तेव्हा आधीच मंदावलेली आणि विस्कटलेली असते, विंगला स्वच्छ हवा लागते, ती त्या उंचीला नीट मिळतच नाही. स्पॉयलर आणि विंग या गोष्टीच वेगळ्या, स्पॉयलर हवेची वाट मोडतो आणि विंगच्या वरून खालून दोन्हीकडून हवा वाहिली पाहिजे तरच ती दाब देते, पण विकताना दोन्हीला एकच नाव. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, म्हणजे मागे समजा दाब मिळाला असता तरी ओढणाऱ्या चाकांना त्याचा काही फायदा नव्हता. मिळालं काय तर आरशात आडवी पट्टी, रात्री मागच्या गाडीचे दिवे बरोबर त्या पट्टीमागे लपायचे. ८० च्या पुढे बारीक घूं आवाज. उन्हाने दुसऱ्याच वर्षी रंग वेगळा दिसायला लागला. आणि डिकीच्या स्प्रिंगा मूळ झाकणाच्या वजनाला बसवलेल्या असतात, वर भार वाढला तशी डिकी उघडी राहीना, एकदा सामान काढताना मानेवर आली. बसवताना भोकं पाडली होती तिथून पाणी झिरपून खालचा पत्रा गंजला तो तर गाडी विकताना कळला.

कंपनीचा असेल तर राहू द्या, तुटला तर तोच परत लावा, मी तेच केलं. बाहेरून लावायचाच असेल तर बारीक कडेचा, हलका, एबीएस प्लॅस्टिकचा, चांगल्या डबल टेपवर बसणारा घ्या, पत्र्याला ड्रिल लावू देऊ नका. हॅचबॅकची डिकी बंद करताना स्पॉयलरला धरून ओढू नका, आतल्या खाचेत हात घाला, माझ्या जुन्या स्पॉयलरच्या एका टोकाची क्लिप तुळईवर आपटायच्या आधीच सैल झाली होती ती त्यामुळेच, काढताना बघितलं. नवा बसवून आता तीन महिने झाले, दर धुण्याच्या वेळी दोन्ही टोकं हलवून बघतो आणि मागे कोणाला तरी उभं करून तिसरा ब्रेक लाईट लागतोय ना ते विचारतो.