फिजिक्सवाल्यांसाठी करिअर समुपदेशन: पाचपैकी साडेतीन

एमएस्सीनंतर संशोधन नको, शिकवणं तर नकोच, म्हणून हे ऑनलाइन सत्र घेतलं. मेडिकल फिजिक्सचा भाग एक नंबर! लिनिअर अ‍ॅक्सिलरेटरचा (म्हणजे कर्करोगाच्या गाठीवर किरणांचा मारा करणाऱ्या यंत्राचा) डोस पाण्याच्या टाकीत आयनीकरण कक्ष, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणारं उपकरण, बुडवून कसा मोजतात, तो गाठीला पुरेसा आणि शेजारच्या अवयवांना कमीत कमी कसा बसवतात, हे मॅडमनी आलेख उघडून दाखवलं. वेगळं प्रशिक्षण लागतं, हेही आडपडदा न ठेवता सांगितलं. शेअर बाजारातल्या ऑप्शन्सची किंमत काढणारं ब्लॅक-शोल्सचं समीकरण आपल्या ओळखीच्या उष्णतावहनाच्या समीकरणात बदलता येतं, हे कळल्यावर वित्तक्षेत्राची धास्ती जरा कमी झाली. पेटंटचं काम मात्र आइन्स्टाइन १९०२ ते १९०९ पेटंट कार्यालयात होता, एवढ्यावरच गुंडाळलं. अहो, ते आम्हाला पाठ आहे! रेकॉर्डिंग मिळत नाही, वही घेऊन बसा.