खाऱ्या पाण्याची टाकी, जर्मन मीठ आणि माझे 47,250 रुपये

खाऱ्या पाण्यातील माशांची लहानशी टाकी घरी बसवून देतो, असे सांगून मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका विक्रेत्याने माझ्याकडून 47,250 रुपये घेतले आणि जांभळा रंग मारलेले सिमेंटचे गोळे, साध्या मिठाच्या पिशव्या आणि तीन मरणपंथाला लागलेले मासे माझ्या गळ्यात मारले. गोड बोलून पैसे घ्यायचे, नंतर फोन उचलायचा नाही, उचललाच तर चूक गिऱ्हाइकाची ठरवायची, हा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे, त्यावर शब्द खर्च करत नाही. खाऱ्या पाण्याच्या धंद्यात लबाडी नेमकी कुठे लपते एवढेच सांगायचे आहे, कारण गोड्या पाण्यातले मासे वर्षानुवर्षे पाळणारा माणूसही येथे सहज फसतो.

हिशेब असा. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच काचेची टाकी कपाटासह 14,500 रुपये, ‘जर्मन’ समुद्री मीठ दहा किलो 6,500, ‘लाइव्ह रॉक’ म्हणजे जिवाणू वसलेला समुद्रातला खडक पाच किलो 7,000, पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारा प्रोटीन स्किमर 5,750, जिवाणूंची बाटली 1,800 आणि क्लाउनफिशची जोडी 3,200, म्हणजे पहिल्या खेपेलाच 38,750 रुपये झाले. त्यानंतर त्याने निळा टँग हा मासा 8,500 रुपयांना दिला. सगळे पैसे यूपीआयने दुकानाच्या नव्हे, तर त्याच्या मेहुण्याच्या खात्यात गेले, आणि हाती आली ती ‘ॲक्सेसरीज’ एवढाच शब्द लिहिलेली कच्ची पावती. पक्के बिल हवे असेल तर जीएसटी वर पडेल, असे तो म्हणाला होता. यावरून मला शहाणपण शिकवू पाहणाऱ्यांनी गेल्या वर्षभरात आपण किती दुकानांतून कच्च्या पावतीवर सामान आणले, ते आधी आठवावे.

नवशिक्याला लहान टाकीच सोपी, हे त्याचे पहिले वाक्य होते आणि तेच पहिले खोटे होते. या मापाच्या टाकीत जेमतेम 56 लिटर पाणी मावते, दगड घातल्यावर त्याहूनही कमी. एवढ्या थोड्या पाण्यात सगळेच झपाट्याने बिघडते. या माशांना साधारण 24 ते 27 अंश तापमान लागते, आणि मुंबईत एप्रिल-मे महिन्यांत पंख्याखालच्या खोलीतही पाणी तिशीच्या वर जाते. त्यासाठी चिलर, म्हणजे पाणी थंड ठेवणारे यंत्र, लागतो. त्याची किंमत ऐकून गिऱ्हाईक उठून जाते, म्हणून या गृहस्थाने चिलरचे नावही काढले नाही. पाण्याची वाफ होते तेव्हा मीठ मागेच राहते, त्यामुळे उडालेल्या पाण्याची भरपाई नेहमी बिनमिठाच्या आरओ पाण्याने करायची असते. याने मला मिठाचेच पाणी घालायला सांगितले. असे केल्याने टाकी दिवसेंदिवस अधिक खारट होते, आणि मीठही लवकर संपते. ते पुन्हा कोणाकडून विकत घ्यायचे, हे सांगायला नको.

नव्या टाकीत माशांच्या विष्ठेपासून होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे त्याचे नायट्रेट करतात. गोड्या पाण्यातही हेच चक्र असल्याने मला ते पाठ होते आणि मी तसे विचारलेही. त्यावर त्याचे उत्तर होते, “दादा, लाइव्ह रॉक आहे ना, जिवाणू त्यातच येतात.” खऱ्या लाइव्ह रॉकच्या बाबतीत ही गोष्ट बऱ्याच अंशी खरी आहे. म्हणूनच मी गप्प बसलो. खोट्या मालावर खऱ्या शास्त्राचे लेबल लावणाऱ्यापुढे कोणीही गप्प बसला असता.

आता मिठाविषयी, कारण मला रात्री झोप लागू देत नाही ती हीच गोष्ट. त्याच्या दुकानातला मुलगा घरी येऊन बादलीत मीठ कालवत होता. मीठ साध्या झिपच्या पिशवीत होते आणि पिशवीवर ना बॅच क्रमांक होता, ना बनवणाऱ्याचा पत्ता, फक्त निळ्या जहाजाचे चित्र होते. मोठी बादली फोडून सुटे विकतो, असा खुलासा त्याने केला होता. समुद्री टाकीसाठी बनवलेले मीठ बारीक आणि एकसारखे असते. या मिठात हरभऱ्याएवढे खडे होते, आणि त्यांवर किंचित करडी झाक होती. माझी आई बाजूलाच उभी होती. तिचे बालपण भांडुपच्या मिठागरांजवळ गेलेले. ती सहज म्हणाली, “अरे, हे तर आपलं खडेमीठ दिसतंय.” तो मुलगा हसून म्हणाला, “मावशी, जर्मनीहून येतं हे,” आणि मीही हसलो. आईला म्हणालो, तुला यातले कळत नाही. बादली अजून टाकीत रिकामी व्हायची होती, सामान परत करता आले असते, मुलगा समोर होता. त्या बैठकीत ज्या एका माणसाला त्या पदार्थाची खरी ओळख होती, तिलाच मी गप्प केले.

माझ्या बाजूने एवढेच म्हणता येईल की मी हायड्रोमीटर लावून पाहिला होता आणि त्यावर 1.025 हा अगदी बरोबर आकडा आला होता. पण हायड्रोमीटर फक्त पाण्याची घनता सांगतो, ते मीठ कसले आहे हे सांगत नाही. मिठागरात पाणी आटते तेव्हा कॅल्शियमचे क्षार आधी तळाशी बसतात, मग मीठ जमते, आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्याबरोबर काढून टाकले जाते. म्हणजे समुद्रापासूनच बनलेले हे मीठ पुन्हा पाण्यात विरघळवले, तरी समुद्राचे पाणी तयार होत नाही. मासे मेल्यानंतर मी 2,400 रुपयांचे तपासणी संच आणले. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 400 मिलिग्रॅम कॅल्शियम असते; माझ्या टाकीत ते शंभराच्याही खाली निघाले. नवे मीठ विकत घेतले की पहिल्याच बादलीत कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (आम्लता रोखून धरण्याची पाण्याची क्षमता) तपासा, आणि ती तपासणी विक्रेत्याच्या समोर करा.

क्लाउनफिश गेले तेव्हा तो म्हणाला, तुम्ही खाणे जास्त घातले, आणि टाकी ‘जिवंत ठेवायला’ निळा टँग घ्या. पूर्ण वाढलेला निळा टँग सुमारे एक फूट लांब होतो. दोन फुटी टाकीत तो विकणे हा क्रूरपणा आहे, हे मला नंतर वाचून कळले. त्याला ते विकतानाही ठाऊक होते.

पैसे परत मागितल्यावर त्याने जे सांगितले त्यात या धंद्याचे सगळे मर्म आहे. “खुशाल तक्रार करा. प्रवाळाचे दगड कुणाच्या घरात आहेत?” खरा लाइव्ह रॉक म्हणजे बहुधा मेलेल्या प्रवाळाचाच खडक, आणि दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांची खरेदी-विक्री गुन्हा आहे आणि ते बाळगणेही अंगाशी येते. मी एक दगड हातोडीने फोडला. आत राखाडी सिमेंट आणि विटेचे तुकडे होते. दगड मी प्रवाळ म्हणून मागितलेच नव्हते, परवानगीचा खडक आहे असे त्यानेच सांगितले होते, पण कायद्याचा धाक त्याने मलाच घातला. कोणी ‘लाइव्ह रॉक’ किंवा ‘कोरल’ कुजबुजत विकू लागला तर तेथून उठा. कृत्रिम खडक उघडपणे कृत्रिम म्हणून मिळतात आणि ते उत्तम काम देतात.

पोलीस ठाण्यात मी फुटलेला दगड टेबलावर ठेवला. अंमलदार म्हणाले, खरे प्रवाळ असेल तर आरोपी तुम्हीच व्हाल, आणि सिमेंट असेल तर फसवणूक कशी, दगड तर तुम्हाला मिळालाच ना? मागे बसलेल्या दोघांना हा विनोद फार आवडला. पैसे ऑनलाइन गेले म्हणून मला ऑनलाइन फसवणुकीच्या कक्षाकडे पाठवले. तेथे सांगण्यात आले की तुम्ही दुकानात उभे राहून स्वखुशीने पैसे दिले, हा ऑनलाइन गुन्हाच नाही. परत ठाण्यात आलो तर ‘दिवाणी बाब’ असे म्हणून अर्जावर साधा पोचशिक्काही द्यायला कोणी तयार होईना. वनखात्याच्या कार्यालयात माणूस दौऱ्यावर होता. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या फोनवर एका मुलीने सर्व शांतपणे ऐकून घेतले, दुकानाचा जीएसटी क्रमांक मागितला, आणि तो नसल्याने तक्रार बंद झाल्याचा संदेश संध्याकाळी आला. माझ्याकडे जीएसटी क्रमांक नाही, कारण त्याने बिल दिले नाही; आणि त्याने बिल दिले नाही हीच माझी तक्रार आहे! हे त्या साखळीतल्या एकालाही विचित्र वाटले नाही. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेत कलम 318 आहे, ते वाचून दाखवणाऱ्या नागरिकाला मात्र सगळेच कायदेपंडित म्हणून हिणवतात.

शेवटी मी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तेथे शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, पण तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत व्हावी लागते. यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरचे त्याचे आवाजी संदेश आणि मेलेल्या माशांचे तारखेसह फोटो मी जोडले आहेत. तुम्हीही फोनवर बोलणे टाळून सगळे लेखी विचारा आणि मेलेला मासा फोटो काढल्याशिवाय फेकू नका. उरलेले मीठ आणि फोडलेला दगड मी सीलबंद ठेवला आहे. निळ्या जहाजाचे चित्र असलेली झिपची पिशवी मुंबईत आणखी कोणाकडे असेल तर ती रिकामी झाली तरी टाकू नये, कारण एकाच विक्रेत्याविरुद्ध अनेक ग्राहकांना मिळून तक्रार करता येते.