टेम्पो सीएनजीचा घ्यावा की बॅटरीचा? आधी रात्रीची जागा बघा

आमचा खोक्यांचा धंदा. द्राक्षाच्या हंगामात जानेवारी ते एप्रिल पॅकहाऊसला माल पोचवायचा, बाकीचे आठ महिने नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांना. सीएनजीचा छोटा टेम्पो चार वर्षं चालवतोय, बॅटरीचा गेल्या वर्षी घेतला. तेव्हापासून ओळखीचे लोक विचारतात, "कोणता बरा?" मी उलटा प्रश्न विचारतो: गाडी रात्री कुठे उभी राहते?

गल्लीत, रस्त्याच्या कडेला उभी राहत असेल तर सीएनजी घ्या, आणि पुढचं वाचलं नाही तरी चालेल. बॅटरीची गाडी स्वस्त पडते ती आपल्या गाळ्यात, आपल्या मीटरवर रात्रभर चार्ज झाली तर. रोज बाहेरच्या फास्ट चार्जरवर अवलंबून राहिलात तर दरही जास्त जातो आणि वेळही.

आता हिशेब. टाटाचा एस प्रो घेऊ, कारण एकाच टेम्पोचे दोन्ही अवतार मिळतात आणि दोन्हींची भारक्षमता ७५० किलो आहे. जून २०२५मध्ये तो आला तेव्हा सीएनजी-पेट्रोलवाला ४.९९ लाखांना होता, बॅटरीवाला ६.५० लाखांना. सप्टेंबरमध्ये मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला, बॅटरीच्या गाड्यांवरचा ५ टक्केच राहिला. त्या हिशेबाने फरक दीड लाखावरून एक लाख नव्वद हजारांच्या आसपास जातो.

यात एक मेख आहे, ती शोरूमवाला सांगत नाही. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर गाडीवरच्या कराचं क्रेडिट मिळतं. मग १८ टक्के काय आणि ५ टक्के काय, दोन्ही परत येतात आणि मूळ किमतींतला फरक उरतो, साधारण २ लाख ३० हजार. म्हणजे ५ टक्के जीएसटीचा जो गाजावाजा होतो, त्याचा फायदा कंपोझिशनवाल्याला (जो उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरतो आणि ज्याला क्रेडिट मिळत नाही) किंवा नोंदणी नसलेल्याला जास्त. आमच्या सीएंनी हे दाखवलं तेव्हा मी कागद दोनदा तपासला.

रोजच्या खर्चाचं गणित मी असं मांडतो. सीएनजी किलोला ९० रुपये आणि भरल्या गाडीचं ॲव्हरेज २० धरा: किलोमीटरला साडेचार रुपये. बॅटरी १४.४ युनिटची, चार्जिंगमधली गळती धरून १६ युनिट, त्यात शहरात लोड घेऊन १०० किलोमीटर. कंपनीचा आकडा १५५ आहे, पण तो चाचणीतला. युनिटला १० रुपये धरले तर किलोमीटरला एक रुपया साठ पैसे. वाचले दोन रुपये नव्वद पैसे. रोज ७० किलोमीटर आणि महिन्याला २६ दिवस धावलात तर ५,३०० रुपयांच्या आसपास वाचतात आणि क्रेडिट मिळत नसेल तर फरकाचे एक लाख नव्वद हजार तीन वर्षांत सुटतात. रोज ४० किलोमीटरच धावत असाल तर सव्वापाच वर्षं. पंचवटीच्या मार्केट यार्डातून भाजी उचलून दोन-चार हॉटेलांना देणारा माणूस ४०च्या वर जातच नाही. त्याने कशाला घाई करावी?

दहा रुपये युनिट हे मात्र वेगळं मीटर असेल तरच धरा. घरच्या मीटरवर लावलंत तर ७० किलोमीटरच्या फेऱ्यांचे महिन्याला २९० युनिट वाढतात, बिल ३००च्या वरच्या स्लॅबमध्ये जातं आणि बचतीचा मोठा तुकडा तिथेच जातो. महावितरणकडे वाहन चार्जिंगसाठी वेगळा दर आहे, त्याचं मीटर मागा. भाड्याचा गाळा असेल तर मालकाची परवानगी आधी घ्या. आमचा त्यातच दीड महिना गेला.

अंतराचं म्हणाल तर ओझर, दिंडोरी, त्र्यंबक, सिन्नर बॅटरीवर निवांत होतं. सिन्नरला जाताना मोहदरी घाटात टक्के भराभर उतरतात, म्हणून पहिल्यांदा छातीत धस्स होतं. लासलगाव जाऊन-येऊन १२० किलोमीटर. तिथे मी बॅटरीची गाडी पाठवत नाही. कसारा उतरून वाशीचं मार्केट गाठायचं असेल तर सीएनजीच, शिवाय अडीअडचणीला पेट्रोलची छोटी टाकी असते.

सीएनजीची खरी किंमत रांगेत मोजावी लागते. पंपावर कधी दहा मिनिटं, कधी प्रेशर नाही म्हणून तासभर. हंगामात ड्रायव्हरचा तो तास एका फेरीइतका असतो. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणीही आलीच.

बॅटरीच्या गाडीला महाराष्ट्रात मोटार वाहन कर माफ आहे, थर्ड पार्टी विम्यात १५ टक्के सूट आहे. परमिट लागत नाही असंही सांगतात, पण एकूण वजन तीन टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला ते तसंही लागत नाही. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्हमध्ये साडेतीन टनांखालचे चारचाकी टेम्पो बसत नाहीत, तेव्हा त्या सबसिडीच्या भरवशावर बुकिंग करू नका.

घ्यायचं ठरलंच तर शोरूमकडून एक दिवस गाडी मागा, आपला नेहमीचा माल भरा आणि आपल्या सगळ्यात लांबच्या गिऱ्हाईकाकडे जाऊन या. आणि गोदाम भांडी बाजार किंवा सराफ बाजाराच्या बाजूला असेल तर चार्जिंगचा पॉइंट चांगला उंचावर बसवा. पावसाळ्यात गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून आम्ही पूर मोजतो; तिच्या छातीला पाणी लागलं की त्या गल्ल्यांतून गाडी काढायलाच वेळ मिळत नाही, प्लग कोण काढणार?