भिंतीतली बुरशी: धुवायची, गिलावा काढायचा की पॅनेल लावायचं?

कोल्हापुरात घराचं काम काढलं आणि जुनं कपाट हलवलं, की मागं काळी-हिरवी बुरशी निघणं नवं नाही. 2019 आणि 2021 च्या महापुरात शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळी भागातल्या कित्येक घरांत पाणी शिरलं. पुढं रंग लागला, पण भिंती आतून सुकल्या का हे फार थोड्यांनी बघितलं. पूर न आलेल्या घरात बाथरूमचा गळका पाइप तेच काम करतो.

अशा वेळी तीन सल्ले मिळतात: औषध मारून रंग द्या, गिलावा काढा, नाहीतर पीव्हीसी पॅनेल ठोका.

पॅनेलचं आधी सांगतो, कारण मोह त्याचाच जास्त. दोन दिवसांत खोली चकाचक दिसते, राडारोडा नाही, खर्चही आटोक्यात. पण ओल्या भिंतीवर पॅनेल म्हणजे बुरशीला अंधार, दमटपणा आणि बंद जागा आयती देणं. भिंत पूर्ण सुकल्यावर हौसेनं लावा. बुरशी झाकायला मात्र कधीच नको, विशेषतः घरात दम्याचा पेशंट किंवा तान्हं मूल असेल तर.

खरी निवड उरते ती धुणं आणि गिलावा काढणं यांत. ती बुरशीच्या रंगावरून करू नका. भिंतीवर दीड-दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर ओल आतून येतेय. खोलीकडच्या बाजूला आले तर हवा दमट आहे. मग भिंत बोटांनी वाजवून बघा.

आवाज भरीव, सिमेंटचा गिलावा घट्ट, डाग साधारण तीन बाय तीन फुटांच्या आत आणि पाणी कुठून येत होतं ते सापडून बंद झालेलं असेल, तर धुणं पुरतं. साबणाचं पाणी, ब्रश, हातमोजे, एन-95 मास्क आणि उघड्या खिडक्या. कोरडं घासू नका, बीजाणू घरभर उडतात. ब्लीचवर लोकांचा फार विश्वास, पण सच्छिद्र गिलाव्यात ते वरवरच काम करतं. शिवाय मेलेली बुरशीही ॲलर्जी देते, म्हणून ती खरवडून काढावीच लागते. ब्लीच टॉयलेट साफ करायच्या ॲसिडमध्ये तर चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

आवाज पोकळ येतो, पोपडे सुटतात, धुतल्यावर डाग परत उमटतो? मग गिलावा काढा, आणि डागाच्या पुढं फूटभर जास्त काढा. विटा पाणी वर ओढतात, त्यामुळं ओल पुराच्या खुणेच्याही वर असते. इथं पैशापेक्षा वेळ जास्त जातो. उघड्या विटा सुकू द्याव्या लागतात, नव्या सिमेंट गिलाव्याला किमान सात दिवस पाणी मारायचं, आणि पुट्टी-रंगाआधी महिनाभर थांबायचं. गणपतीच्या आत रंग हवा म्हणून आषाढात हे काम काढणाऱ्यांना माझा ठाम सल्ला: पाइप दुरुस्त करा, सुटलेला गिलावा काढा, भिंत उघडी ठेवा आणि उरलेलं दिवाळीनंतर करा. पावसाळी हवेत खिडक्या उघड्या ठेवूनही भिंत सुकत नाही.

जुन्या पेठांतल्या मातीत बांधलेल्या भिंतींना सिमेंटऐवजी चुन्याचा गिलावा द्या. सिमेंटखाली त्यांची ओल कोंडते.

प्लायवुड आणि जिप्समची छतं यांच्याबाबत तुलना करत बसू नका. आतपर्यंत बुरशी गेली की ती काढून टाकायची. सागवानी दार-चौकट मात्र घासून, सुकवून वाचते, ती भंगारात देऊ नका.

फोडाफोडी सुरू करण्याआधी त्या खोलीचं दार प्लास्टिकनं बंद करा, पंखा लावू नका, आणि लहान मुलांना तेवढे दिवस आजोळी पाठवा.