९ आणि १२: नवशिक्याच्या हातातली स्विचब्लेडची जोडी

काइटबोर्डिंगमध्ये बोर्डवर उभ्या माणसाला पाण्यावरून ओढत नेणारा मोठा पतंग म्हणजे काइट. कॅब्रिन्हा कंपनीच्या स्विचब्लेड या काइटचे ९ आणि १२ चौरस मीटरचे दोन आकार मी गेले दोन हंगाम वापरत आहे. दोन्ही काइट सेकंडहँड आहेत, जुन्या पिढीतले, कापडाला आकार देणाऱ्या, हवा भरलेल्या पाच आडव्या नळ्यांचे. माझे वजन ७४ किलो, वय चाळिशीच्या पुढचे, आणि काइटबोर्डिंग मी शिकलो ते गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर. हे परीक्षण हवेत उड्या मारणाऱ्या निष्णात माणसाचे नाही. ज्याला बोर्डवर उभे राहून दोन्ही दिशांना जाता येते, पण जिथून सुटलो तिथेच परत लागू याची अजून खात्री नसते, अशा माणसाचे आहे. अशा माणसाला काइट कोणत्या कंपनीचा यापेक्षा कोणत्या आकाराचा हा प्रश्न जास्त छळतो. आकार सुचवताना वजन सगळेच विचारतात. किनारा कोणता आणि महिना कोणता, हे मला कोणी विचारले नाही आणि मीही कोणाला सांगितले नाही.

संक्रांतीला पतंगाची कन्नी बांधताना वाऱ्याचा अंदाज घेण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना असते. इथेही तत्त्व तेच आहे. बारच्या, म्हणजे दोऱ्या जोडलेल्या हातातल्या दांड्याच्या, वर असलेला ट्रिमचा पट्टा ओढला की काइटचा वाऱ्याशी होणारा कोन बदलतो आणि ओढ कमी होते. फरक एवढाच की कन्नी चुकली तर पतंग गोते खातो, आणि काइटचा आकार चुकला तर माणूस गोते खातो.

याचे कारण वाऱ्याच्या हिशेबात आहे. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे १२ नॉटचा वारा १८ नॉट झाला तर वेग दीडपट झाला असे वाटते, पण ओढ सव्वादोन पट झालेली असते. (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर.) आकार ठरवण्यासाठी एक ठोकताळा सर्रास वापरला जातो: किलोतल्या वजनाला २.२ ने गुणावे आणि नॉटमधल्या वाऱ्याने भागावे. माझ्या वजनाला १३ नॉटवर साडेबारा, १८ नॉटवर ९ आणि २२ नॉटवर साडेसातच्या खाली असा आकार येतो. ही काही पोथी नव्हे. बोर्डचा आकार आणि स्वतःची तयारी यांनी उत्तर मीटरभर इकडेतिकडे सरकते. पण दुकानात उभे राहून कोणाच्या तरी आग्रहाला बळी पडण्यापेक्षा हा गुणाकार केव्हाही बरा.

आता १२ चौरस मीटरच्या काइटविषयी. मोरजीला हिवाळा संपत आल्यापासून उन्हाळ्यापर्यंत दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वायव्येचा वारा सुरू होतो. तो बहुतेक दिवशी १२ ते १४ नॉटच्या आसपास राहतो, आणि माझ्या वजनाच्या माणसाला त्या वाऱ्यात १२ पेक्षा लहान काइट घेऊन पाण्यात शिरणे म्हणजे पोहायला जाणे होय. हा काइट सावकाश वळतो. जाणकारांना तो रटाळ वाटेल. मला मात्र तोच त्याचा मोठा गुण वाटला, कारण बार चुकून जास्त ओढला गेला तरी काइट खाली झेपावण्याआधी चूक सुधारायला क्षणभर वेळ मिळतो. बोर्ड पायात अडकवून, काइट एकदाच खाली फिरवून उभे राहता आले ते याच्यावरच. पाण्यात पडल्यावर पुन्हा उडवणे मात्र हलक्या वाऱ्यात चिकाटीचे काम आहे. पुढची हवा भरलेली जाड नळी पाण्यावर पालथी पडलेली असते आणि कापडावर पाणी साचलेले असते; अशा वेळी एका बाजूची मागची दोरी हातभर ओढून धरायची, आणि काइट रांगत रांगत कडेला जाऊन एका पंखावर उभा राहीपर्यंत थांबायचे. घाईने दोन्ही दोऱ्या ओढल्या तर तो जागचा हलत नाही.

त्याच किनाऱ्यावर, त्याच १३ नॉटमध्ये माझ्याबरोबर शिकणारी मैत्रीण माझाच ९ चा काइट घेऊन निवांत फिरत होती. तिचे वजन ५५ किलो आहे. ठोकताळ्याने तिचा आकार सव्वानऊच्या जवळ येतो. मी तोच काइट घेतला तेव्हा बोर्डवर टिकून राहण्यासाठी त्याला सतत आठाच्या आकड्यात फिरवावे लागले आणि दहा मिनिटांत दंड भरून आले. लहान काइट म्हणजे सुरक्षित काइट अशी नवशिक्यांची समजूत असते, आणि शिकवताना लहान काइट देतात त्यामुळे ती पक्की होते. प्रत्यक्षात लहान काइट चटकन वळतो, आणि ओढ मिळत नाही म्हणून आपण त्याला जोराने खाली झेपवतो, तेव्हा बसणारा हिसका अनपेक्षित असतो.

माझी चूक उलट बाजूने झाली. पहिल्या हंगामात माझ्याकडे फक्त १२ होता, तोही मोरजीच्या हिशेबाने घेतलेला, आणि तोच घेऊन मी जुलैत रामेश्वरमला गेलो. तिथे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या काळात वारा दमदार असतो, आणि उथळ, सपाट पाणी पाहून नवशिक्याचा धीर जरा जास्तच वाढतो. सकाळी १५ नॉट होते, म्हणून काइट उडवला. तासाभरात वारा २१ वर गेला, म्हणजे ओढ जवळजवळ दुप्पट झाली. ट्रिमचा पट्टा शेवटपर्यंत ओढलेला, बार हाताच्या टोकापर्यंत ढकललेला, टाचा वाळूत रुतवलेल्या, आणि तरीही मी कमरेएवढ्या पाण्यातून तीसेक मीटर फरफटत गेलो. शेवटी क्विक रिलीज, म्हणजे काइटची ओढ तत्काळ सोडणारी सुरक्षेची कळ, खेचून काइट निकामी केला. नडगी सोलवटली, एवढ्यावर निभावले. यात काइटचा काही दोष नव्हता; त्याने सोडता येईल तेवढी ओढ सोडून दाखवली होती, फक्त उरलेली ओढही माझ्या आवाक्याबाहेरची होती. उत्पादकांच्या तक्त्यात प्रत्येक आकारापुढे वाऱ्याचा जो रुंद पट्टा छापलेला असतो, त्याचा वरचा तिसरा भाग नवशिक्याने पेन्सिलीने खोडून टाकावा, असे माझे मत तेव्हापासून झाले आहे.

९ चा काइट त्यानंतर घेतला, आणि पुढच्या वर्षी रामेश्वरमला १७ ते २० नॉटमध्ये तोच रोज वापरला. तिथे तो अंगाला बेताचा बसला. बार हलका, वळणे नेमकी, आणि पडल्यावर दोरीला जरा ताण देताच पुन्हा हवेत. दोन आकारांमध्ये तीन मीटरचे अंतर मला पुरेसे वाटते. मधला १० घेऊन एकाच काइटवर भागवण्याचा सल्लाही मिळतो, पण माझ्या वजनाला तो मोरजीत कमी आणि रामेश्वरममध्ये जास्त पडला असता. ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या फ्रेंच भावांनी १९८४ मध्ये हवा भरण्याच्या काइटचे पेटंट घेतले, तरी बार ढकलून ओढ जवळजवळ संपूर्ण सोडता येणारी त्यांचीच बो काइटची रचना २००५ च्या सुमारास बाजारात आली. त्याआधीच्या सी आकाराच्या काइटला झेपणाऱ्या वाऱ्याचा पट्टा इतका अरुंद होता की जोडीने भागणे कठीणच होते. आज एकाच बारवर दोन्ही काइट उडवता येतात, हीही बचतच.

जुना काइट घेताना तो पंपाने कडक भरून रात्रभर ठेवावा आणि सकाळी नळी दाबून पाहावी. माझ्या १२ च्या एका आडव्या नळीची हवा सकाळपर्यंत निम्मी झाली होती. आतली पिशवी बदलावी लागली, आणि विकणाऱ्याने त्याविषयी चकार शब्द काढला नव्हता.

मैत्रिणीने आता स्वतःचा ९ घेतला असून रामेश्वरमसाठी ती ७ च्या शोधात आहे. तिला १२ कधी लागेल असे वाटत नाही. मला हलक्या वाऱ्यासाठी १४ सुचवला गेला होता. त्याऐवजी मी १३६ सेंटिमीटरचा बोर्ड देऊन १४२ चा रुंद बोर्ड घेतला, आणि मार्चमध्ये मोरजीला जेमतेम ११ नॉट असताना १२ च्या काइटवर अर्धा तास उभा राहिलो. परत येताना मात्र चालतच यावे लागले.