गिनीपिगच्या बेडिंगसाठी ४,०९९ रुपये गेले. पैसे पाठवण्याआधी हे वाचा

ज्यांच्या घरी गिनीपिग किंवा ससे आहेत आणि जे पिंजऱ्यात अंथरण्यासाठी कागदी बेडिंग ऑनलाइन शोधत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. विक्रेत्याने माझ्याकडून दोन वेळा मिळून ४,०९९ रुपये घेतले, पशुवैद्य आणि औषधे यांवर १,८५० रुपये वेगळे गेले, आणि तक्रार घेऊन मी ज्या ज्या दारात उभी राहिले तिथे फसवणाऱ्याचा पत्ता मलाच विचारला गेला. हा पत्त्याचा प्रश्न पुढे येईलच.

मुलाच्या हट्टासाठी आणलेल्या दोन गिनीपिगांची रोजची निगा माझ्याकडे आहे. गिनीपिग दिवसभर खातात आणि दिवसभर पिंजरा ओला करतात. त्यांचे नाक जमिनीपासून जेमतेम दोन बोटे वर असते, त्यामुळे ओल्या अंथरुणातून उठणारा अमोनियाचा वास सर्वांत आधी त्यांनाच लागतो. नुसते वर्तमानपत्र घातले तर ते वरच्या वर ओले राहते आणि तळपाय चिघळू लागतात. आम्ही उन्हाळ्यात फ्लीसचे कापड वापरतो. ते कंडिशनर न घालता चार-पाच वेळा धुतले की ओल खालच्या शोषक थरात सोडू लागते. पण पुण्याच्या पावसाळ्यात धुतलेले फ्लीस वाळता वाळत नाही. कोपऱ्यावरचे सुतार भुसा फुकट देतात, तो मी घेत नाही, कारण त्यात प्लायवूड आणि एमडीएफ यांचा भुगा असतो, त्या पाट्यांच्या गोंदात फॉर्माल्डिहाइड असते आणि बारीक धूळ थेट फुप्फुसात जाते. म्हणून जूनमध्ये कागदाच्या लगद्यापासून केलेले, पाणी शोषणारे मोकळे बेडिंग घ्यायचे ठरवले. निवड योग्य होती आणि आजही मी तेच वापरते, फक्त दुसऱ्या ठिकाणाहून घेते.

समाजमाध्यमावरील एका पानावर दहा किलोची गोणी २,३५० रुपये आणि पाठवणी २५० रुपये अशी जाहिरात होती. पाळीव प्राण्यांच्या दुकानातील आयात केलेल्या पिशवीच्या मानाने हा दर कमी होता, पण अविश्वसनीय वाटावा इतका कमी नव्हता. असले लोक दर नेमका तिथेच ठेवतात. व्हिडिओत निळ्या बादलीतील राखाडी लगद्यावर पाणी ओतून ते कसे शोषले जाते हे दाखवले होते. मी निष्काळजीपणे पैसे पाठवले नाहीत. यात चीड किंवा देवदार आहे का, असे मी लेखी विचारले, कारण या लाकडांतील सुगंधी तेले आणि फिनॉल यांचा श्वासनलिकेला व यकृताला त्रास होतो. उत्तर आले, ‘मॅडम, शंभर टक्के कागद, लाकडाचा कणही नाही.’ ते उत्तर माझ्याकडे जपून ठेवलेले आहे.

ज्या क्षणी थांबायला हवे होते तो क्षण पैसे भरण्याच्या पडद्यावर आला होता, आणि तोच मनात सारखा सलतो. दुकानाचे नाव एक होते आणि यूपीआयवर खातेदार म्हणून दिसणारे नाव कोणा वेगळ्याच व्यक्तीचे होते. मी ते पाहिले. पाहून विचारलेही. ‘खाते भावाचे आहे, जीएसटीचे काम चालू आहे,’ असे सांगण्यात आले. आता शेजारीपाजारी मला म्हणतात की तिथेच कळायला हवे होते. त्यांना मी विचारते की आपल्या भाजीवाल्याचे खाते मुलाच्या नावावर नाही का, दूधवाल्याचे बायकोच्या नावावर नाही का, आणि आपण सारे रोज त्याच खात्यांवर पैसे पाठवत नाही का? मग अनोळखी विक्रेत्याच्या भावाचे खाते मला एकटीलाच संशयास्पद का वाटावे? समोर उभ्या असलेल्या भाजीवाल्याला उद्या पुन्हा गाठता येते आणि या माणसाला गाठता येत नाही, हा फरक मात्र खरा आहे, आणि त्यासाठीच सांगते: नाव जुळत नसेल तर कारण ऐकत बसू नका, पडदा बंद करा.

गोणी आली तेव्हा वरचा चार बोटांचा थर कागदाचाच होता. त्याखाली रंध्याची सालपटे आणि भुसा भरलेला होता, दमट आणि राळेच्या उग्र वासाचा. वजन काट्यावर ६ किलो २०० ग्रॅम भरले, तेही ओलाव्यासकट. गोणीवर उत्पादकाचे नाव, पत्ता, निव्वळ वजन, महिना, काहीही छापलेले नव्हते. पॅकबंद वस्तूंसाठीच्या २०११ च्या नियमांनुसार या सर्व गोष्टी वेष्टनावर असणे बंधनकारक आहे. गोणी उघडताना पूर्ण चित्रीकरण करा आणि ती तळापर्यंत उपसून पाहा. मी वरचाच कागद पाहून पिंजरा भरला, कारण तो अगदी व्हिडिओतल्यासारखा होता, आणि खालचा माल कळला तो एका गिनीपिगला शिंका सुरू होऊन नाकाशी खरपुडी धरल्यावर, दुसऱ्यांदा बेडिंग बदलायला गोणीत खोलवर हात घातला तेव्हा. गिनीपिगने खाणे सोडले तर त्याचे आतडे थांबते आणि त्यात ते दगावू शकते, म्हणून वाट न पाहता पशुवैद्यांकडे नेले. तेथे मिळालेली एक सूचना प्रत्येकाने लक्षात ठेवावी: घरात उरलेले अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिनच्या जातीचे कोणतेही औषध गिनीपिगला तोंडातून देऊ नये, ते त्यांच्या जिवावर बेतते.

विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली, तर त्याने चटकन माफी मागितली. चुकून दुसऱ्या ग्राहकाची गोणी गेली, परत नेण्यासाठी माणूस पाठवतो, पण कुरिअर कंपनी १,४९९ रुपये अनामत घेते आणि ती मूळ २,६०० रुपयांसोबत त्याच संध्याकाळी परत मिळते, असे तो म्हणाला. आजारी प्राणी मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला कोणीतरी चूक कबूल केली याचाच आधार वाटतो, आणि मी ते पैसे भरले. नंतर परताव्यासाठी म्हणून एक क्यूआर कोड आला, तो स्कॅन करून पिन टाका असे सांगितले गेले. तेव्हा मात्र मी फोन ठेवला. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. असा कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातातच.

आता पत्त्याविषयी. पोलिस ठाण्यात आधी ‘उंदरांच्या गादीसाठी तक्रार?’ असे ऐकून घेतले, मग माल मिळाला आहे तेव्हा ही दिवाणी बाब आहे असे सांगण्यात आले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधील फसवणुकीच्या व्याख्येत किमान रकमेची अट नाही, आणि अनामतीच्या १,४९९ रुपयांच्या बदल्यात तर कोणताही माल मिळाला नव्हता. हे मी म्हटले तेव्हा आरोपीचा पत्ता आणा असे उत्तर मिळाले. बँकेने सांगितले की पैसे भरताना पिन तुम्हीच टाकला, व्यवहार तुमच्या संमतीचा आहे, आणि खातेदाराची माहिती पोलिसांनी मागितली तरच देऊ. वजनमापे पाहणाऱ्या कार्यालयात वेष्टनावर पत्ता नसणे हाच गुन्हा आहे हे मान्य झाले, आणि पत्ता नसल्यामुळे नोटीस कोणाला काढायची, असेही तिथेच विचारण्यात आले. ऑनलाइन नोंदवलेली तक्रार ‘व्यावसायिक वाद’ असा शेरा मारून बंद झाली, मला एकदाही फोन न करता. ज्या खात्यात पैसे गेले त्याची केवायसी बँकेत आहे, ज्या क्रमांकावरून तो बोलत होता त्याची नोंद मोबाइल कंपनीकडे आहे, आणि ती मागण्याचा अधिकार पोलिसांना आहे, मला नाही. तरीही प्रत्येक टेबलावर पत्त्याचा रकाना माझ्याकडूनच भरून हवा होता. रक्कम लहान आहे म्हणून कोणी हालत नाही, आणि ते हालत नाहीत हे ओळखूनच असे लोक रक्कम लहान ठेवतात.

पैसे गेल्याचे कळताच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा. पुढच्या खात्यातून रक्कम काढली गेली की ती गोठवणे कठीण होते. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, पण तेथेही विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो, म्हणून तो खरेदीपूर्वीच मिळवा. ज्या संकेतस्थळावर विक्रेत्याचा पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचे नाव दिलेले नाही तिथून काहीही घेऊ नका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी ते सक्तीचे केले आहे. बेडिंग प्रथम लहान पिशवीत आणि कॅश ऑन डिलिव्हरीने मागवा. मूठभर घेऊन हुंगा, राळेचा वास आला तर पिंजऱ्यात घालू नका.

तेच पान आता नव्या नावाने सुरू आहे. दहा किलोचा दर २,१५० रुपये केला आहे, ‘सशांसाठी खास’ असे लिहिले आहे, आणि व्हिडिओत निळी बादली तीच आहे. ज्यांनी तिथे आधीच पैसे भरले असतील त्यांनी परत पाठवणीची अनामत मुळीच भरू नये, आणि आपला व्यवहार क्रमांक व खातेदाराचे पडद्यावर दिसलेले नाव लिहून ठेवावे. त्याच खात्यावर पैसे पाठवलेले आणखी लोक भेटले तर आम्ही एकत्र तक्रार देणार आहोत.