पीसीएन-२२४, कोबाल्टवाला: आठ महिने वापरल्यावर

आधी खर्चाचं बोलतो, कारण पहिला प्रश्न तोच येतो. पीसीएन-२२४ म्हणजे झिर्कोनियमच्या सांध्यांना पोरफिरिन (वलयाच्या आकाराचा रंगीत रेणू) जोडून झालेला सच्छिद्र सांगाडा, म्हणजेच एमओएफ; ‘कोबाल्टवाला’ म्हणजे त्या वलयाच्या मधोमध कोबाल्ट बसवलेला. आम्ही हा उत्प्रेरक (रिॲक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ) लॅबमध्येच बनवतो, आणि पैशांपेक्षा जास्त जातात ते दिवस. पायरोल ताजं डिस्टिल करायचं, मग उकळत्या प्रोपिऑनिक ॲसिडमध्ये पोरफिरिनचं वलय जोडायचं. यील्ड (हाती लागणारा माल) वीस टक्क्यांच्या आसपास आलं तरी नशीब म्हणायचं, बाकी सगळं डांबर. वास असा की घरी आई दारातूनच मोरीकडे बोट दाखवते. त्यानंतर कोबाल्ट बसवा, एस्टर तोडून चारही कार्बॉक्सिल (सांगाड्याला जोडणारी टोकं) मोकळे करा, झिर्कोनियम क्लोराइड आणि भरपूर बेंझोइक ॲसिडसोबत डीएमएफ या द्रावकात घालून बाटली १२० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा आणि वाट बघा.

आता खरी डोकेदुखी. याच साहित्यातून पीसीएन-२२२, २२३, २२५, एमओएफ-५२५ अशी सगळी भावंडं निघतात. बेंझोइक ॲसिडचं प्रमाण किंवा तापमान जरा इकडेतिकडे झालं की भलतंच पोर मांडीवर. सूक्ष्मदर्शकाखाली चौकोनी ठोकळे दिसले तर २२४ची आशा ठेवायची, सुया दिसल्या तर २२२ मिसळलंय. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना ओळखायच्या चाचणीत) २२४ची पहिली मोठी रेघ ४.६ अंशांजवळ येते आणि २२२ची २.४जवळ. आमच्याकडे सॅम्पल नेहमीच्या सवयीने ५ अंशांपासून स्कॅन व्हायची. म्हणजे जे बघायचं तेच कापलेलं! दोन महिने मी मिश्रणालाच शुद्ध माल समजत होतो. आता फॉर्मवर लाल पेनाने ‘२ अंशांपासून’ लिहितो.

हा पदार्थ २०१३ साली टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या होंग-त्साय झोऊ यांच्या गटाने मांडला. १.९ नॅनोमीटरच्या वाहिन्या, सामू ० ते ११ पर्यंत टिकाव, आणि ग्रॅमला सुमारे २,६०० चौरस मीटर पृष्ठभाग. चिमूटभर पावडरीत पंचवीस गुंठे! गावाकडे हे सांगितलं तर ‘सातबारा दाखव’ म्हणतील.

माझं काम स्टायरीन ऑक्साइड (एक इपॉक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचं छोटं वलय असलेला रेणू) आणि कार्बन डायऑक्साइडपासून सायक्लिक कार्बोनेट करायचं. साधं विरघळणारं कोबाल्ट पोरफिरिनही हे करतं, पण ते शेवटी उत्पादनातच राहतं. ते वेगळं काढायला कॉलम (सिलिकाच्या नळीतून गाळणं) करून करून हात रंगतात, आणि तो रंग काचेवरून लवकर सुटत नाही. इथे पोरफिरिन सांगाड्यालाच बांधलेलं असल्यामुळे सेंट्रिफ्यूज केलं की वरचा द्रव स्वच्छ निघतो. केवळ एवढ्यासाठीसुद्धा मी परत वापरेन.

पुनर्वापराबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. पहिल्या पाच फेऱ्यांत रूपांतरण जवळजवळ पूर्ण होत होतं, आलेख सपाट, मी खूश. आमच्या गाइड मॅडमनी आलेख बघितला आणि म्हणाल्या, “वेळ निम्मी कर, मग दाखव.” रिॲक्शन अर्ध्यावर थांबवून मोजली तेव्हा प्रत्येक फेरीतली घट उघडी पडली. उत्प्रेरक गरजेपेक्षा जास्त घातला असेल तर त्यातला बराचसा निकामी झाला तरी शेवटचा आकडा हलत नाही. कुणी पाच-सहा फेऱ्यांचा सपाट आलेख दाखवला तर आता मी आधी वेळ विचारतो.

सुदैवाने माल मेला नव्हता, नुसता चोंदला होता. ॲसिटोनमध्ये रात्रभर भिजवून, तीनदा ॲसिटोन बदलून, व्हॅक्यूमखाली १२० अंशांवर सुकवल्यावर बरीचशी ताकद परत आली. एक्सआरडीही जागच्या जागी. खरी गळती फिल्टर पेपरवर होते. दर वेळी थोडी पावडर कागदाला चिकटून जाते आणि सहाव्या फेरीत ‘उत्प्रेरक मंदावला’ असं वाटतं, प्रत्यक्षात तो कमीच पडलेला असतो. हल्ली रिॲक्शनपासून धुण्यापर्यंत सगळं एकाच ट्यूबमध्ये करतो आणि दर फेरीआधी वजन घेतो.

दुसरी गोष्ट टीबीएबीची, म्हणजे उत्प्रेरकाच्या जोडीला घालायच्या टेट्राब्युटिलअमोनियम ब्रोमाइडची. कोबाल्ट इपॉक्साइडचा ऑक्सिजन धरून ठेवतो, पण वलय उघडतो तो ब्रोमाइड. टीबीएबी विरघळलेलं असतं, उत्पादनासोबत निघून जातं, दर वेळी नवं घालावं लागतं. म्हणजे ‘पुनर्वापर’ निम्म्याच जोडीचा. शिवाय गरम असताना पावडर गाळून काढली तरी रिॲक्शन हळूहळू चालूच राहते, कारण टीबीएबी एकटंही थोडं काम करतं. त्याचा वेगळा ब्लँक (पावडर न घालता केलेली तीच रिॲक्शन) घेतला नाही तर कोबाल्ट सुटून द्रवात आलाय असा उगाच संशय येतो. मी आठवडाभर तोच संशय घेतला.

फॉस्फेट आणि फ्लोराइड याच्या जवळ आणू नका, झिर्कोनियमचे सांधे सुटतात. फार जाडजूड इपॉक्साइड आत शिरत नाहीत, तिथे काम बाहेरच्या पृष्ठभागावरच चालतं आणि इतक्या मेहनतीच्या पावडरीचा काही उपयोग नाही. एकदाच करायची रिॲक्शन असेल तर साधं पोरफिरिन वापरा, एक कॉलम सोसा. तीच रिॲक्शन महिनोन्महिने करायची असेल तर हे जरूर बनवा, फक्त एका दमात मोठी बॅच करा. माझी पहिली बॅच दोनशे मिलिग्रॅमची होती. ती निम्मी एक्सआरडी आणि पृष्ठभाग मोजण्यातच संपली.